जाधवबाईंची चार वर्षं

जाधवबाई भेटल्यावर नमस्कार करत नसत. समोरच्याच्या डोळ्याखाली अंगठा टेकवून त्या पापणी खाली ओढत, आतला रंग बघत आणि मगच बोलायला लागत. मी नागावच्या पुढे आमच्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा मुख्याध्यापक ‘या आपल्या पीटीच्या बाई’ एवढं म्हणेपर्यंत माझी पापणी खाली गेलेली होती. ‘‘साडेनऊ,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पालेभाजी खाता का कधी?’’ मी तेव्हा एकटा, खानावळीत जे ताटात पडेल ते गिळणारा. कुतूहल म्हणून अलिबागला जाऊन रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक सहा निघालं. तेव्हापासून बाईंशी वाद मी फार जपून घालत असे.

एकदा तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांचीही पापणी त्यांनी ओढली होती. साहेब खेळाच्या साहित्याची यादी मागत होते. यादीत दोन फुटबॉल होते, त्यांतला एक फाटका आणि दुसरा कागदावर. बाईंनी यादी दिली, पापणी बघितली आणि साहेबांना शेवग्याचा पाला खायला सांगितला. साहेबांनी शेऱ्यात ‘क्रीडा विभाग समाधानकारक’ असं लिहिलं. सरकारी माणसाची कुणीतरी खरोखरीची विचारपूस केली की तो असा विरघळतो.

ही सवय लागायला कारण होतं. बाईंच्या आजोबांनी छपन्न साली दीक्षा घेतली आणि मुलंबाळं शिकलीच पाहिजेत असा घरात दंडक घातला. त्यामुळे बाई शाळेत गेल्या आणि शाळेत गेल्यामुळे धावायला लागल्या. पण जिल्ह्याच्या पंधराशे मीटरला शेवटच्या फेरीत त्या पडल्या. त्यांच्या सरांनी निदान केलं की मुलीत जिद्द नाही. दोन वर्षांनी एका डॉक्टरने सांगितलं की जिद्द भरपूर आहे, रक्त नाही. बाई हे सांगताना हसत. पण त्या सरांचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही, यावरून राग किती खोल होता ते मला कळलं.

म्हणून दर सोमवारी प्रार्थनेनंतर मुलींची रांग आणि बाईंचा अंगठा. कुणाला नाचणी, कुणाला सुका जवळा, कुणाला गूळ-शेंगदाणे. ‘‘पोरगी पायांनी धावत न्हाय, तिच्या पानात काय वाढलंय त्याच्यावर धावते,’’ हे बाईंचं एकुलतं एक क्रीडाशास्त्र. बालेवाडीत म्हणे त्यासाठी यंत्रं असतात.

कोमल पाटील पाचवीत आली तेव्हा तिची पापणी आतून चुन्यासारखी होती. बाप गरीब असता तर बाईंना नवल वाटलं नसतं. पण कोमलच्या बापाचे चार डंपर होते, घरासमोर दगडी सिंह होते आणि रोज मासळी होती. बाई सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि जेवणं बघितली. आधी बाप आणि दोन भाऊ, मग पाहुणे, मग पोर आणि शेवटी आई, असा तिथला क्रम होता; पोरीपर्यंत मासळीचा नुसता रस्सा पोचे. दुसऱ्या दिवसापासून कोमल बाईंच्या डब्यातलं जेवू लागली. आठवड्याने बाप चिडून शाळेत आला, आमच्या घरात काय कमी हाय म्हणून. बाईंनी त्याला कोमलची पापणी ओढून दाखवली, मग त्याच्या मुलाची. बापाला दोन रंगांतला फरक दिसला. त्या दिवसापासून पोरीला भावांच्या पंगतीला बसवलं, हे त्या माणसाचं मोठेपण मी मान्य करतो. पुढे त्याच्या हातून जे झालं त्याच्या वेळीही मी ते विसरलो नाही.

कोमल धावली. तालुका, जिल्हा, राज्य. मग एका मोठ्या अकादमीने तिला उचललं. तिथे प्रशिक्षक होता, आहारतज्ज्ञ होता, मनाचा डॉक्टर होता आणि शरीराचाही. मोठमोठ्या शर्यतींत ती पहिल्या तिनांत येऊ लागली आणि बूट विकणाऱ्या एका कंपनीने तिच्याशी करार केला. आमच्या गावात तिचा फोटो लागला, त्यात तिच्याहून मोठे फोटो शुभेच्छुकांचे होते.

गणपतीत ती घरी आली. गावाने सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण गणिताच्या शिक्षकाचं अक्षर चांगलं असतं असा समज आहे. ‘हिच्या रक्तातच वेग आहे’ असं मी त्यात लिहिलं. वाक्य मला फार आवडलं होतं.

बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण रोज सकाळी मैदानावर येऊन फुकट शिकवत. सत्काराआधी कोमल पाया पडायला आली आणि बाईंचा अंगठा सवयीने वर गेला. मी शेजारीच होतो. पापणी आतून जास्वंदीसारखी लाल होती. बाईंनी तिचा हात उलटा केला. कोपराच्या आतल्या बाजूला जाड सुईचा व्रण होता.

‘‘रक्तदानाचं शिबिर होतं, बाई,’’ कोमल म्हणाली.

रक्त दिलेल्या माणसाची पापणी फिकी पडते, लाल होत नाही, हे त्या मैदानावरच्या सहावीतल्या मुलीलाही ठाऊक होतं. बाईंनी हात सोडला आणि म्हणाल्या, चल, लोक खोळंबलेत. सत्कार दणक्यात झाला.

दोन महिन्यांनी बातमी आली. अकादमीत खेळाडूचं स्वतःचंच रक्त आधी पिशवीत काढून ठेवायचे आणि मोठ्या शर्यतीच्या तोंडावर पुन्हा अंगात चढवायचे. तांबड्या पेशी वाढतात, दम टिकतो. पण वर्षभर खेळाडूंच्या रक्ताचे आकडे तपासणारे लोक असतात, आणि कोमलचे आकडे गणपतीच्या सुमाराला पायरी न चढता थेट माडीवर गेले होते.

मग जबाबदारी घेण्याची शर्यत सुरू झाली. तिच्यात सगळे उलटे धावले. अकादमीने सांगितलं की हा खेळाडूचा वैयक्तिक प्रमाद आहे. प्रशिक्षक म्हणाला, मी फक्त घड्याळ लावतो. डॉक्टर म्हणाले, मी फक्त जीवनसत्त्वं देतो. कंपनीने सकाळी ‘आम्ही व्यथित आहोत’ असं कळवलं आणि दुपारी तिच्या जागी दुसऱ्या मुलीचा फोटो लावला. आमच्या शुभेच्छुकांनी फलक असा उतरवला की बांबूची भोकंही बुजवली. दुसऱ्याला का हसू, मीही मानपत्राची प्रत कपाटात सगळ्यांत खाली सरकवली.

चौकशी लागली. एका रविवारी बाईंच्या अंगणात गाडी आली. अकादमीचा एक गोड बोलणारा गृहस्थ आणि कोमलचा बाप उतरले. कोमल गाडीतच बसून राहिली. बाईंनी मला हाक मारून बोलावून घेतलं होतं. गृहस्थाने छापील पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं की कोमलला लहानपणापासून रक्त कमी असल्यामुळे गणपतीच्या सुट्टीत तिच्या जुन्या शिक्षिकेने, अज्ञानापोटी आणि मायेपोटी, तिला एका दवाखान्यात नेऊन रक्त चढवून आणलं. खाली बाईंच्या सहीची जागा. गृहस्थाने समजावलं की यामुळे शिक्षा निम्म्यावर येईल, कदाचित त्याहून कमी. बाई निवृत्त आहेत, त्यांना कुठलाही नियम लागू नाही, त्यांचं काहीच जात नाही. त्यातलं ‘अज्ञानापोटी’ हे मला विशेष भावलं. पापणीवरून आकडा सांगणारी बाई त्यांना अज्ञानी म्हणून हवी होती.

कोमलच्या बापाने हात जोडले. ‘‘बाई, पोर माझी हाय तशी तुमची पन हाय. तुमच्या डब्यातलं जेवलीय ती. एक सही करा.’’

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या सही करणार असं मला वाटलं आणि खरं सांगतो, मला ते हवंही होतं. त्यांनी कोमलला आत बोलवायला सांगितलं. कोमल आली आणि दाराशीच उभी राहिली.

‘‘सुई कोणी टोचली?’’ बाईंनी विचारलं.

गृहस्थ मध्ये बोलू लागला. बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. कोमलने खाली मान घालून डॉक्टरचं नाव सांगितलं, आणि प्रशिक्षक शेजारी उभा होता हेही. तुला माहीत होतं का, या प्रश्नाला तिने मान हलवली. माहीत होतं.

बाईंनी एक फुलस्केप कागद घेतला आणि आमच्यासमोरच पत्र लिहिलं, मराठीत. कोमलने आता सांगितलं ते नावांसकट, आणि खाली स्वतःचं: मी गणपतीत पापणी आणि व्रण पाहिला, मला समजलं, आणि सत्काराचा विरस नको म्हणून मी दोन महिने गप्प बसले. सही केली आणि पेन कोमलपुढे धरलं. कोमलने ते घेतलं नाही. बाप तिला हाताला धरून घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, शेवटी परकी ती परकीच. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पत्र चौकशी समितीच्या नावाने पाकिटात घातलं.

पत्र समितीकडे गेलं. समितीने पोच दिली आणि दखल घेतली. दखल घेणं म्हणजे काय, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरना समज मिळाली. प्रशिक्षक दुसऱ्या अकादमीत मोठ्या हुद्द्यावर गेला. फाल्गुनात निकाल लागला आणि चार वर्षांची बंदी कोमलला झाली. गावात बोललं गेलं की बाईंनी पोरीचं वाटोळं केलं.

निकालानंतरच्या सकाळी बाई शाळेच्या फाटकाशी आल्या आणि शिट्टी व घड्याळ माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, ‘‘तिला चार वर्षं, तर मला पन चार वर्षं. आता मैदानात पाय टाकणार न्हाय.’’

मी सांगून पाहिलं की तुम्हाला कुणीही शिक्षा केलेली नाही, कुणी नावसुद्धा घेतलेलं नाही.

‘‘कोणी अंगावर घेत न्हाय म्हणून तर, सर.’’

तेव्हापासून मैदान माझ्याकडे आलं. एसटी सुटत असतानाही जो माणूस कधी धावला नाही, तो मुलींना वेगाविषयी सांगू लागला. बाई रोज सकाळी यायच्या आणि कुंपणाच्या भिंतीबाहेर उभ्या राहायच्या. एक शब्द बोलत नसत, खूण करत नसत. एकदा मी चुकीची फेरी मोजली तेव्हा त्यांनी तोंड फिरवून समुद्राकडे बघितलं. तेवढाच काय तो नियमभंग.

वर्षभराने कोमल शहरातून परत आली. घराबाहेर पडत नसे. बाई तिच्या दारात गेल्या, बापाने आत घेतलं नाही, तर दगडी सिंहाजवळ उभ्या राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात कोमल बाहेर आली. दोघी किनाऱ्यावर चालू लागल्या. सराव नाही, नुसतं चालणं. बंदीची नियमावली बाईंनी पहिल्या पानापासून वाचली होती, बहुधा भारतात ती वाचलेली दुसरी व्यक्ती नसावी. त्या काय बोलत मला माहीत नाही. मी एकदा विचारलं, तर बाई म्हणाल्या, ती रडते, मी ऐकते, मग आम्ही भाकरी खातो.

चौथ्या वर्षी श्रावणात बाईंना साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप आला आणि आठ दिवसांत त्या गेल्या. मला रडू आवरेना. शोकसभा झाली. ज्यांनी वाटोळं केलं म्हटलं होतं, ते सगळे गुरुमाउलीवर बोलले. प्रशिक्षकानेही शोकसंदेश पाठवला, व्याकरण निर्दोष होतं. कोमल शेवटच्या ओळीत बसली होती.

फाल्गुनात तिची बंदी संपली. गाव विसरभोळं आणि उदार. पुन्हा फलक लागला. सकाळी मी गळ्यात शिट्टी घालून फाटकात उभा होतो, मुलींनी हार आणला होता. कोमल आली. फाटकातून आत न येता भिंतीबाहेर गेली आणि तिथे उभी राहिली. मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं, आत ये, चार वर्षं पुरी झाली.

‘‘माझी झाली, सर. बाईंचे सात महिने राहिलेत.’’

मी आयुष्यभर गणित शिकवलं. एकाची शिक्षा दुसऱ्याच्या खात्यात धरता येत नाही, हे मी तिला सांगायला हवं होतं. मी फाटकाकडे परत फिरलो आणि मुलींना फेऱ्या सुरू करायला सांगितलं. दसऱ्यापर्यंत ती रोज आली, बाहेर उभी राहिली आणि परत गेली.