दाजींचं टॅनिन

आमच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, बाभळीच्या सालीतल्या टॅनिनवर डॉक्टरेट मिळवली आणि तेव्हापासून त्यांच्याबरोबर साधा चहा पिणं अवघड झालं. कप हातात घेतला की ते म्हणत, "यातही आहे बरं का." जिभेला लागणारा तुरटपणा टॅनिनचा, हे मी डोंगरकडा गावच्या शाळेत मुलांना शिकवते. त्याला एक तास पुरतो. दाजींना आयुष्य पुरलं नसतं. त्यांच्या तोंडून ऐकावं तर हे टॅनिन जंतू मारायचं, सूज उतरवायचं, रक्तातली साखर खाली आणायचं आणि कर्करोगाच्या पेशींनाही सोडायचं नाही. एवढे गुण एका जागी मी फक्त लग्नाच्या स्थळांच्या माहितीत वाचलेत. हे सिद्ध कुठे झालं म्हणाल, तर काचेच्या बशीत आणि पाठ भादरलेल्या उंदरांवर.

उंदरांबद्दल माझी तक्रार नाही. टॅनिन प्रथिनाला घट्ट धरतं, म्हणून बशीतले जंतू आखडतात, हे खरं आहे. पण जंतूचं प्रथिन कुठलं आणि माणसाचं कुठलं, एवढी अक्कल त्याला नसते. याच सालीच्या पाण्यात कातडं मुरवून त्याचं चामडं करतात, हे शेळ्या राखणाऱ्या आमच्या गावात पोरासोरांनाही माहीत आहे.

आबा, माझे वडील, पुसेगावकडच्या आमच्या गावात राहतात. थोडी शेती, थोड्या शेळ्या, आणि अंगात जुनी शुगर. शेळ्यांसाठी डहाळा तोडताना त्यांच्या उजव्या पायाच्या करंगळीजवळ काटा मोडला, तोही बाभळीचाच. जखम भरेना. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पट्टी बदलायला येत राहा म्हणून बजावलं होतं. तेवढ्यात ताईचा फोन आला, तिने तो दाजींच्या हातात दिला आणि दाजींनी सांगितलं, "पट्टी कशाला? साल उकळा, पाय त्यात बुडवून ठेवा."

आईने साल लोखंडी कढईत उकळली. औषध लोखंडात उकळलं की त्याला जोर येतो, असं आमच्याकडे मानतात. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई होते. जुन्या काळी लिहायची शाई अशीच करायचे. आईचा काढा काजळासारखा झाला. जितका काळा तितका कडक, म्हणून ती खूश. तिने त्याचा फोटो दाजींना पाठवला आणि दाजींनी उत्तरादाखल शाबासकीचा अंगठा पाठवला. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं या एका पदार्थावर घालवली, त्याला सासूच्या कढईत शाई ओळखता आली नाही. पढतमूर्ख म्हणतात तो हाच.

रविवारी मी गेले तर आबांचा पाय घोट्यापर्यंत काळा आणि जखमेवर चिवट, वाळलेली कातडी. घरात आनंद. खपली धरली म्हणे.

"ही खपली नाही," मी म्हणाले. "वरून कातडं कमावलंय. आत पू असेल. डॉक्टरकडे चला."

"पाव्हणे डॉक्टरच हायेत की," आई म्हणाली.

"ते उंदरांचे आहेत."

"तोंड सांभाळ. जावयाच्या शब्दाच्या वर जाऊन राहिली का तू?"

आमच्या घरात जावयाने दिलेली वस्तू परत करत नाहीत. त्याने दिलेला सल्लाही नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आबा मधे पडले. "काहून भांडता? मला तकलीफ न्हाई. दुखतच न्हाई आता." ही त्यांच्या लेखी चांगली बातमी होती. मला मात्र धडकी भरली, कारण शुगरमध्ये पायाची जाणीव गेली की जखम आत सडली तरी दुखत नाही.

पुढच्या खेपेला खोलीत वास येत होता. आई म्हणाली, सालीचा आहे. मी तिच्याशी वाद घातला नाही. शाईचा डाग लिंबाने जातो, म्हणून लिंबू चिरलं आणि आबांचा पाय मांडीवर घेऊन बोटं चोळायला लागले. काळपट पाणी ओघळलं. अंगठा उजळला, त्याच्या शेजारची बोटंही आपल्या रंगावर आली. करंगळी काळीच राहिली. मी पुन्हा चोळली, पुन्हा धुतली. मग मुद्दाम लिंबू जखमेच्या कडेला टेकवलं.

"झोंबतंय का आबा?"

"न्हाई."

आई तिथेच भिंतीला टेकून बसली.

नांदेडच्या दवाखान्यात करंगळी, शेजारचं बोट आणि त्यांच्यामागचा पावलाचा तुकडा काढावा लागला. दाजी भेटायला आले. "माझ्या अभ्यासात शुद्ध केलेलं टॅनिन होतं," ते म्हणाले, जणू समोर परीक्षक बसलेत. "घरगुती काढ्याची जबाबदारी कशी घेणार?" मी विचारलं, आबा उंदीर नाहीत, एवढं तरी त्या अभ्यासात होतं का? ताई रडायला लागली. ताई रडली म्हणून चूक माझी ठरली. दाजी उदार मनाने म्हणाले की ते मनावर घेत नाहीत.

नंतर धोंड्याचा महिना आला. या अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून, ताटात त्याचे पाय धुवायची आमच्याकडे रीत आहे. यंदा राहू द्या, मी म्हणाले. आबा ऐकेनात.

"लेकीला तिकडं नांदायचंय," ते म्हणाले. "मान बराबर झाला पायजे."

त्यांना उकिडवं बसता येत नव्हतं. ते स्टुलावर बसले, पट्टीतला पाय एका बाजूला लांब केला आणि वाकले. दाजी मागे सरतील, नको म्हणतील, अशी मला वेडी आशा होती. त्यांनी पँट वर दुमडली आणि दोन्ही पाय ताटात ठेवले. मी पाणी ओतत होते. तांब्या त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

आबांनी पाय धुतले, खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि दाजींच्या पायाची बोटं एकेक करून फाकवली.

"पाव्हणं, बोटांच्या मधी वल राहू देऊ नका," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणले, लई जपावं लागतं."

"हो, हो," दाजी म्हणाले. आबांनी त्यांची दहाही बोटं कोरडी पुसली.