खाऱ्या पाण्याचं जोतं

आमची आत्या माफ कुणालाच करत नसे. माणसाला नाही, देवाला नाही, पाण्यालाही नाही. अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची; शनिवारी भातकुलीकडच्या आमच्या गावी आली, की पदर खोचून थेट विहिरीवर.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरींना खारंच पाणी. त्या पाण्यात डाळ शिजता शिजायची नाही. आबांची, म्हणजे तिच्या वडिलांची, किडनी त्याच पाण्यानं गेली. डॉक्टर म्हणाले, गोडं पाणी पाजा. ते होतं चुलत दिगंबरकाकांकडे, पत्र्यावरून उतरवलेल्या पावसाच्या टाक्यात, कुलपाआड. आत्या कळशी घेऊन गेली. "आमालेच पुरत नाही," काका म्हणे. मेल्याचं टाकं काठोकाठ भरलेलं! आबा त्याच उन्हाळ्यात गेले.

तेराव्याला आत्या म्हणाली, "या पाण्यानं मारलं ना माया बापाले? आता याच्याकडूनच घर बांधून घेतो."

समुद्रकाठी पुरात टिकणाऱ्या घरांसाठी समुद्राच्याच पाण्यातून दगड वाढवतात, हे तिनं वाचलं होतं. हौदात विहिरीचं पाणी, त्यात लोखंडी जाळी, वरून सोलरचा करंट. जाळीवर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर धरायचा, दगडासारखा टणक. क्लोरीनच्या वासानं डोळे चुरचुरायचे. अशी दगडी फळी बोटभर जाड व्हायला वर्ष सरायचं. दिगंबरकाका कुंपणावरून विचारत, "काहो मॅडम, दगडाले खत कोणतं टाकता?"

"तुमचे टोमणे. भरपूर हायत."

फळी फळी करत, कित्येक वर्षांत तिनं घराचं जोतं उंच केलं. मग एका पावसाळ्यात पेढी नदी गावात शिरली. मातीच्या भिंती विरघळल्या, काकांच्याही. आमचं जोतं तसूभर हललं नाही. काका ओलेचिंब होऊन आमच्याच ओट्यावर येऊन बसले. त्यांचं टाकं पुराखाली होतं. म्हणाले, "बाई, घोटभर पाणी दे वो."

घरात गोड्या पाण्याचा कॅन होता. मी तिकडे वळलो, तर आत्यानं माझा हात धरला. "थांब. रांजणातलं दे. आबा पेत होते तेच."

काका तोंड वाकडं करत शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. अजून वाटतं.

निवृत्त झाल्यावर आत्या कोकणात गेली. तिथल्या एका खाडीकाठच्या गावात, दर उधाणाला घरं खचतात तिथं, ती आता समुद्राच्या पाण्यातून फळ्या पिकवते. "आता मोठ्या पाण्याशी झगडा हाय," म्हणते. परवा मी फोन केला. काकांनी टाक्याचं कुलूप काढलं, अख्ख्या गावाला पाणी भरू देतात, असं सांगितलं.

"आता कावून काढलं?" ती म्हणाली. "आबा कुठं हायेत प्यायले?"