पालथा टोप

मथुरामावशींविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच कबूल करतो. मी त्यांच्या नात्यातला नाही, गावचाही नाही. घणसोली गावात त्यांच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही पाच वर्षं भाड्याने राहिलो, एवढाच संबंध. शिवाय त्यांच्याविषयी मी याआधीही एकदा लिहिलं होतं, आणि ते इतकं वाईट होतं की त्याचा त्रास त्यांनाच झाला. तरी लिहितो. चुकलं तर त्यांनी रागवावं, तो त्यांचा हक्क आहे.

मावशी तळमजल्यावर राहायच्या. त्यांच्या दाराबाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीशी, काही दिवशी एक मोठा ॲल्युमिनियमचा टोप पालथा घातलेला असायचा. आम्ही साताऱ्याहून नवीनच आलो होतो. टोप वाटेत आला म्हणून मी तो उचलून बाजूला ठेवला आणि धडधड जिना चढलो. पहिल्या मजल्यावरच्या काकू दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "ए, टोप पालथा दिसला नाय का? मावशीचं डोकं उठलंय. चप्पल हातात घे."

मग कळलं, हा त्या घराचा नियम होता. टोप पालथा असला की मिक्सर बंद, कुकरची शिट्टी बंद, टीव्ही मुका. भाजीवालासुद्धा गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आधी टोपाकडे बघायचा आणि मगच ओरडायचा. आत मावशी खिडकीला चादर लावून, डोक्याला ओला पंचा बांधून पडलेल्या असायच्या. अर्धशिशी. आठवड्यातले तीन-तीन, चार-चार दिवस.

एरवी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मुलाच्या, नरेशच्या हळदीची गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या. गावात हळद म्हणजे डीजे आलाच. नाच ऐन रंगात आला आणि मावशींचं डोकं उठलं. त्यांनी कुणाला काही न सांगता टोप बाहेर ठेवला आणि आत जाऊन पडल्या. कुणीतरी तो पाहिला आणि डीजे बंद झाला. "माज्या पोराची हलद नाय, मयत वाटत होती," त्या हसत सांगायच्या. "पन नाचले हां सगले! पाय न वाजवता." पोराची हळद त्यांनी पाहिलीच नव्हती.

वर्षानुवर्षं गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी बेलापूरच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात त्यांना एका सर्जनबाईंकडे पाठवलं. काहींच्या बाबतीत डोक्याच्या मागची एखादी नस स्नायूत दाबली जाते, ती मोकळी केली तर गुण येतो, असं त्या म्हणाल्या. पण आधी तीन महिने रोजची नोंद हवी. नरेश जासईच्या कंटेनर यार्डात, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. मावशींना लिहिता येत नव्हतं; त्यांनी मला हाक मारली. "तू कालेजात हायस. तूच लिव."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ही जबाबदारी मला परीक्षेसारखी वाटली. मी नवी वही आणली, समास आखला. मावशी सांगायच्या, "आज मानंच्या खालून निंगालं बग, मासलीचा गल घालून कोनी वर खेचतंय तसं." मी मान डोलवायचो आणि सुवाच्य अक्षरात लिहायचो, 'आज तीव्र स्वरूपाची शिरोवेदना झाली.' मला वाटायचं, डॉक्टरांसमोर जाणारी वही आहे, भाषा चांगली हवी. एकदा त्यांनी वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाल्या, "कोनाच्या तेराव्याची पत्रिका वाटतेय." मग लगेच, "आसंल. कालेजवाला लिवतोय म्हंजे बराबर आसंल."

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी वही चाळली. भराभर चाळली, कारण वाचण्यासारखं काही नव्हतंच. "सगळ्या पानांवर एकच वाक्य आहे," त्या म्हणाल्या. "दुखणं सुरू कुठून होतं? पोचतं कुठे? यावरून मी काय ठरवू?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. माझ्या चांगल्या भाषेपायी मावशींचे तीन महिने वाया गेले होते. आणि मावशी डॉक्टरांना सांगत होत्या, "पोराची चूक नाय हो. मीच याला नीट सांगितलं नाय."

दुसरी वही मी त्यांच्याच शब्दांत लिहिली. आधी हात अडखळायचा. 'गल' लिहिलं की 'गळ' करावंसं वाटायचं. मावशी वहीत डोकावून विचारायच्या, "लिवलंस तसंच?" मग मी तसंच ठेवायचो. 'आज गल उजव्या अंगाला. कानामागून चरत चरत डोल्यात.' 'आज नातीला उचलली नाय. वाकलं का गल वर जातो.'

यावेळी डॉक्टरबाईंनी प्रत्येक पान वाचलं. मग उठून मावशींच्या मानेवर, केस सुरू होतात तिथे, उजवीकडे बोट दाबलं. मावशी कळवळल्या. "हाच गळ का?" त्यांनी विचारलं आणि तिथे बधिर करायचं इंजेक्शन दिलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने पाहतो तर मावशी मान वर करून ट्यूबलाइटकडे टक लावून बघत होत्या. ज्या उजेडाला त्या चादर लावायच्या, त्याच उजेडाकडे.

"मावशी, काय झालं?"

"गप ऱ्हा. बगू दे."

इंजेक्शनचा असर संध्याकाळी उतरला आणि टोप पुन्हा बाहेर आला. पण नस सापडली होती. डॉक्टरबाईंनी सगळं सरळ सांगितलं होतं: मेंदूला हात लागणार नाही, काम कवटीच्या बाहेरचं आहे. काही महिने तिथे बधिरपणा राहील. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आला तरी पुरता येईल असं नाही, आणि सगळे डॉक्टर या ऑपरेशनच्या बाजूचे नाहीत. नरेश बिथरला. "डोक्याला सुरी? नाय. गोल्यांवर चाललंय ना?"

मावशी वाद घालत बसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "याला वही दे."

नरेशने जिन्यात उभं राहूनच ती वाचली. आईचं डोकं दुखतं, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. कसं दुखतं, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. नातीच्या पानावर तो थांबला. ती त्याचीच मुलगी. वही मिटून म्हणाला, "तारीख कधीची देतात, इचार."

तारीख मिळाली, पण त्याआधीच आमचं घर सुटलं. मार्केटात ओझी उचलून वडिलांची पाठ गेली आणि आम्ही गावी परतलो. मी कराडला कॉलेज बदललं. निघताना मावशींनी ती वही माझ्याच पिशवीत घातली. "मना काय करायची? मना सगलं पाठ हाय. तू ठेव. पुढं कोनाचं लिवशील तवा कुठून निंगतं ते इचार आधी."

ऑपरेशनची तारीख येऊन गेली. मी फोन केला नाही. गुण आला नसेल तर काय बोलायचं, हे मला सुचत नव्हतं. रोज नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. असे चार महिने गेले.

गेल्या रविवारी नरेशचाच फोन आला. "आय बोलतेय, घे."

"काय रं पोरा, मेलंय का जितं, बगायचं नाय?" आवाज तोच, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

मी घाबरत विचारलं, "मावशी, टोप?"

"टोप आत नेला. आज जवला शिजवलाय त्यात."

"म्हणजे दुखत नाही?"

"दुकतं ना, मदी मदी. तवा वाटी पालथी घालतंय. पन वाटी दिसत नाय रं कोनाला. खुशाल मिक्सर लावतात मेले." मग म्हणाल्या, "लावू दे. चालतंय मना."