चालू मशीन

सिविक सेंटरमधल्या आमच्या ऑफिसचा एकच मोठा ग्राहक होता, लोखंडाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. सकाळी गेटवर ट्रक लागले की त्यांची पावत्यांची मशीन हमखास गुदमरायची. ही मशीन म्हणजे खरीखुरी पेटी नव्हे, आमच्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेली. तिथल्या साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, सोमवारी पुन्हा ट्रक अडले तर काम हैदराबादला जाईल. काम गेलं की माझी नोकरी गेली, आणि भिलाईत दुसरी मिळेल अशी आशा मला नव्हती. बाबांना सोडून जावं लागलं असतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

रविवारी मशीन थोडा वेळ बंद ठेवून प्रोसेसर वाढवले असते तर प्रश्नच नव्हता. पण ऑफिसात सगळी भिलाईच्या स्टील प्लांटवाल्यांची पोरं. ‘बंद’ हा शब्द आमच्या घरांत शिवीसारखा. आमच्या मालकांनी साहेबांना छाती ठोकून सांगून टाकलं, चालू मशीनमध्येच वाढवून देतो.

बाबांची उभी नोकरी भट्टीवर गेली. ते खूश झाले. ‘‘असंच पाहिजे. आमीबी भट्टी चालू ठेवूनच सारं करत होतो. थंडी पडली का मेली समज.’’ शेजाऱ्यांनाही सांगून आले.

सोमवारी मी प्रोसेसर दुप्पट केले. मशीनने निमूट घेतले. स्क्रीनवर आठ दिसले आणि मी मूर्खासारखा सगळ्यांसाठी चहा मागवला. पण चार राबत होते, चार रिकामटेकडे. पावत्यांचा तो जुना प्रोग्राम सुरू होतानाच एकदा प्रोसेसर मोजायचा, मागून आलेल्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं. बंद करून पुन्हा सुरू करणं एवढाच इलाज. गेटवर रांग लागली होती. मालकांनी फोनवर पाच मिनिटं मागितली. साहेब म्हणाले, ‘‘आपने तो कहा था, बंद नहीं करना पड़ेगा.’’ दुपारपर्यंत काम गेलं होतं.

संध्याकाळी बाबांनी ताटं वाढली.

‘‘कावून रे, जेवून नाई राहिला?’’

सगळं सांगितलं. पुण्याला जावं लागेल, तुम्हीही चला, म्हटलं.

‘‘मी कुठी येतो आता? तू जाय.’’ विषय बदलावा तसं त्यांनी विचारलं, ‘‘मंग ते वाढवलेलं आता काढून घेता काय?’’

‘‘चालू मशीनमधून काढता येत नाई, बाबा. वाढवता येते. काढाचं असलं तर बंदच करा लागते.’’

मला रडू येत होतं. बाबांनी माझ्या ताटात भाजी वाढली.

‘‘तू गेला का मी डब्बा लावून घेतो,’’ ते म्हणाले. ‘‘एकट्यासाठी चूल कावून पेटवाची?’’