सासूबाईंचा पाचू मी धुतला

गेल्या मे महिन्यापासून आमच्या घरी मला काहीही धुवायला देत नाहीत. चहाचा कप नाही, भाजी नाही, स्वतःचा चष्मासुद्धा नाही. हे वाचून ज्या नवऱ्यांना माझा हेवा वाटेल, त्यांनी आधी पुढची हकिगत वाचावी आणि मग ठरवावं.

माझ्या सासूबाईंकडे एक पाचू आहे. वालाच्या दाण्याएवढा, सोन्यात बसवलेला, साखळीत घालून गळ्यात मिरवायचा. तो त्यांना त्यांच्या आईने दिला. आता आईने लेकीला खडा दिला, यात कुणाचं काही बिघडायचं कारण नाही; पण त्या आईला एक सूनही होती. ती म्हणजे आमच्या मुलुंडच्या मामी. सासूचा पाचू सुनेकडे यायचा तो नणंदेकडे गेला, हे मामींनी मोठ्या मनाने सोडून दिलं. फक्त त्या दिवसापासून त्या पाचूला त्या 'काच' म्हणायला लागल्या. कुठलंही लग्न असो, मुंज असो, मामी सगळ्यांसमोर अगदी मायेने विचारणार, "सुलू, काच घातलीस वाटतं आज?" आणि सासूबाई काही न बोलता पदर सारखा करणार. हे मी लग्न झाल्यापासून बघत आलोय. सासूबाई स्वभावाने शांत आहेत, पण त्या पदराला दर वेळी जो झटका बसायचा, त्यात सगळं बोलून व्हायचं.

अशात माझ्या मेहुणीचं, गौरीचं, डोहाळजेवण ठरलं. डोहाळजेवणाला हिरवी साडी ही तर आपली पद्धतच. पण गौरीने घरच्या ग्रुपवर जाहीर केलं की नुसता हिरवा चालणार नाही, सगळ्यांनी एमराल्ड ग्रीन घालायचं. आजीच्या पाचूचा जो रंग, तोच. झालं. त्या दिवसापासून बोरिवली ते मुलुंड पट्ट्यातल्या आमच्या सगळ्या बायका त्या एका रंगाच्या मागे लागल्या. मेधा (ही माझी बायको) मला समजावून सांगत होती की हा रंग गोरीला शोभतो, सावळीला त्याहून शोभतो, सोन्याशेजारी तर असा काही दिसतो की सोनंच साधं वाटावं. म्हणून तर नवरीच्या चोकरपासून ते खोट्या खड्यांच्या कानातल्यांपर्यंत सगळीकडे तोच. आणि खरं सांगायचं तर मलाही तो खडा आवडायचा. आरे कॉलनीतून बस जाताना मध्येच उन्हाची तिरीप झाडीत घुसते आणि क्षणभर आतून उजेड आल्यासारखं वाटतं, तसा तो हिरवा होता. कोणाचीही नजर त्यात अडकावी असा.

त्या रंगाचा कुर्ता मीही आणला. मेधाने तो पिशवीतून काढला आणि खिडकीपाशी उजेडात नेला.

"नितीन, हा कुठला रंग?"

"एमराल्ड."

"हा पोपटी आहे. तू मिरचीच्या देठासारखा दिसणारेस."

बदलायला वेळ नव्हता. (हा कुर्ता लक्षात ठेवा. पुढे त्यानेच माझा घात केला.)

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सासूबाई आमच्याकडे चारकोपला आल्या, कारण हॉल आमच्या घरापासून जवळ. त्यांनी पर्समधून डबी काढली, पाचू मेधाच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, नुसता मऊ फडक्याने पुसून ठेव. एरवी त्यांचा आवाज सरळ असतो. त्या दिवशी त्यात थोडा ताठा होता. मामी येणार होत्या, आणि पोरीच्या डोहाळजेवणात, सगळ्या गणगोतासमोर, तो खडा असा दिसायला हवा होता की 'काच' हा शब्द मामींच्या तोंडून बाहेर पडता कामा नये. एवढीच त्यांची इच्छा होती. नंतर दोघी मायलेकी ब्लाउजच्या फिटिंगसाठी गौरीकडे गेल्या आणि घरात मी, पाचू आणि माझं मशीन असे तिघेच उरलो.

मशीन म्हणजे चष्मा धुवायचं. ऑनलाइन मागवलेलं. पाणी घालून बटण दाबलं की बारीक आवाज करत थरथरतं आणि चष्म्याच्या कानाकोपऱ्यातली घाण सुटून येते. मेधा त्याला 'नितीनची गिरणी' म्हणते. घरात त्याला फारसा मान नव्हता. मला वाटलं, हीच संधी. फडक्याने काय पुसायचं, मशीन असताना? मी कोमट पाणी घेतलं. मग म्हटलं, कोमट कशाला, गरम घेऊ. मग भांडी घासायचं लिक्विडही दोन थेंब घातलं. पाचू आत सोडला, बटण दाबलं आणि निवांत चहा पीत बसलो.

बाहेर काढला तेव्हा सोनं असं झळकत होतं की मी स्वतःवर खूश झालो. मग खड्याकडे लक्ष गेलं.

तो हिरवा नव्हता. म्हणजे कुठेतरी आत, खोलवर, होता हिरवा. पण वरून पांढुरक्या रेघांचं जाळं पसरलं होतं, आटलेल्या तळ्याच्या तळाला भेगा पडाव्यात तसं. मी तो पुसला. मग चष्मा पुसून पाहिलं. मग फॅन बंद करून पाहिलं, हे का ते मला अजूनही कळलेलं नाही.

मग मोबाइलवर शोधाशोध केली. तेव्हा कळलं की खऱ्या पाचूत निसर्गतःच बारीक चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून जवाहिरे पूर्वापार त्यात तेल मुरवतात. आणि पुढे हेही लिहिलं होतं, की असा खडा गरम पाण्यात, साबणात आणि विशेषतः थरथरणाऱ्या मशीनमध्ये कधीही घालू नये. तिन्ही गोष्टी मी एकदमच उरकल्या होत्या.

तेल गेलंय ना, मग तेल घालू. इंजिनियर माणूस मी, एवढा तर्क मला जमतो. ते लोक कुठल्या परदेशी झाडाचं तेल वापरतात म्हणे; आमच्याकडे शेंगदाण्याचं होतं, पण त्याला फोडणीचा वास. खोबरेल मात्र स्वच्छ, पाण्यासारखं नितळ, घरचं. वाटीत खोबरेल घेतलं, पाचू त्यात बुडवला आणि वाटी बाल्कनीत मेच्या उन्हात ठेवली. दुपार कलेपर्यंत मी तिच्यावर कावळ्यांपासून पहारा देत होतो. बाहेर काढून पुसला तर काय सांगू! हिरवागार. पूर्वीपेक्षाही हिरवा. मायलेकी परत आल्या तेव्हा डबी जागेवर होती. सासूबाईंनी उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "मेधा, छान पुसलास गं." मेधा म्हणाली, "मी कुठे पुसला? नितीनने पुसला असेल." सासूबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने पाहिलं. मी नम्रपणे मान खाली घातली. (ती वर काढायची संधी नंतर मिळाली नाही.)

दुसऱ्या दिवशी सासूबाई हॉलच्या दाराशी उन्हात उभ्या राहून पाहुण्यांचं स्वागत करत होत्या. गर्द हिरवी पैठणी आणि त्यावर तो पाचू, असा पेटलेला की येणारी प्रत्येक बाई आधी त्याला नमस्कार करत होती की काय असं वाटावं. मामी रिक्षातून उतरल्या. पाचूकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. सासूबाईंनी पदर सारखा केला नाही, मुद्दाम जरा बाजूला सरकवला.

मग सगळे आत आले. आत एसी होता. हॉलवाल्यांनी मे महिना म्हणून तो असा सोडला होता की बायका पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन बसल्या. गौरी फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती, ओटी भरायला सुरुवात झाली होती, आणि मी सहज सासूबाईंकडे पाहिलं. पाचू पांढरा पडत होता. आधी कडेने, मग मधोमध. बघता बघता भिजवलेल्या साबुदाण्यासारखा झाला.

तेव्हा मला खोबरेलाचा एक गुण आठवला. थंडीत आमच्या बाथरूममधली बाटली थिजते आणि मेधा ती उन्हात ठेवायला मलाच सांगते. दरवर्षी सांगते. शेंगदाण्याचं तेल घातलं असतं तर फोडणीचा वास आला असता, पण अब्रू राहिली असती!

मी मॅनेजरला गाठलं आणि गरोदर बाईला थंडी बाधते असं सांगून एसी बंद करायला लावला. थोड्या वेळाने पाचू सासूबाईंच्या गळ्याशी पुन्हा हिरवा झाला. दरम्यान मामींनी तो पांढरा पडलेला पाहिला होता. त्या लगबगीने मुलुंडच्या दोघी-तिघी बायकांना दाखवायला घेऊन आल्या, तर खडा हिरवागार. त्या बायकांनी आधी पाचूकडे पाहिलं, मग मामींच्या चष्म्याकडे.

तेवढ्यात मेधा आली. गौरीला घाम फुटलाय, मेकअप उतरतोय, एसीला काय झालं बघ म्हणाली. एसी सुरू. पाचू पांढरा. मामी पुन्हा साक्षीदार गोळा करायला धावल्या. एसी बंद. पाचू हिरवा, पण हॉलभर एमराल्ड रंगातल्या बायका ताटांनी वारा घेत आणि कपाळ टिपत बसलेल्या. पाचू वाचवावा तर मेहुणी घामाघूम, मेहुणी वाचवावी तर सासूबाईंची अब्रू थिजते, अशा पेचात मी हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळत होतो. शेवटी मेधाने मॅनेजरलाच जाब विचारला. तो सरळ माणूस होता.

"मॅडम, आम्ही कशाला बंद करू? ते बघा ना, तो पोपटी कुर्तेवाला सतरा वेळा येऊन सांगतोय."

सगळा हॉल एमराल्ड. पोपटी मी एकटा.

एसी पुन्हा पूर्ण जोरात सुरू झाला. आणि या वेळी मामींनी वाट पाहिली. खडा नीट पांढराफट्ट होईपर्यंत त्या सासूबाईंच्या समोर खुर्ची टाकून बसल्या, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुलू, तुझी काच आता रंगही बदलायला लागली गं."

डोहाळ्यांची गाणी थांबली. सासूबाईंनी मान खाली करून पाचूकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. इतका पडला की मला वाटलं, मॅनेजरला सांगून एसीऐवजी मलाच बंद करावं. त्यांनी तो चिमटीत धरला. मग काय वाटलं कोण जाणे, नाकाशी नेला. वास घेतला. आणि माझ्याकडे पाहिलं.

"नितीन, खोबरेल?"

मी मान डोलावली.

"आणि त्याआधी?"

"मशीनमध्ये धुतला."

मेधाने डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी मात्र एक मोठा श्वास घेतला आणि चेहरा हळूहळू उजळत गेला, अगदी उन्हातल्या खोबरेलासारखा. त्या मामींकडे वळल्या.

"वहिनी, काचेत तेल मुरत नाही."

मामींना कळलं नाही. मग सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, की त्यांच्या आईला सोनाराने बजावलं होतं, खऱ्या पाचूला चिरा असतातच, तेलावर जपायचा असतो, साबण लावायचा नाही. काचेला कसल्या चिरा? काच तुम्ही खोबरेलात घाला नाहीतर लोणच्यात घाला, ती आहे तशीच राहील. "आमच्या जावयांनी एवढे हाल केले म्हणून तर कळलं, की हा खरा आहे." हे कौतुक होतं की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मामींनी नुसता हात पुढे केला. सासूबाईंनी साखळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मामींनी मूठ मिटली आणि तशाच बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने मूठ उघडली तेव्हा आत पाचू हिरवागार झाला होता.

"माझ्या सासूबाईंच्या गळ्यात असाच दिसायचा," मामी म्हणाल्या.

"घाला ना वहिनी. गौरीची ओटी तो घालूनच भरा."

मामींनी तो घातला आणि ओटी भरली. एसीखाली तो पुन्हा पांढरा पडला, पण आता कुणाची काही तक्रार नव्हती.

नंतर मी सासूबाईंना म्हटलं, चांगल्या जवाहिऱ्याकडून नीट तेल भरून आणतो. त्यांनी डबी माझ्या हातात द्यायला साफ नकार दिला. तेलही बदललं नाही. गौरीच्या मुलीच्या बारशाला कुणीतरी नव्या सोयरिकीतल्या बाईंनी पाचूकडे पाहून, हल्ली खोटे खडेही किती हुबेहूब मिळतात नाही, असं म्हटलं. सासूबाई पदराकडे हात नेणार, एवढ्यात मामी पुढे झाल्या. त्यांनी पाचू मागून घेतला, फ्रीज उघडला, दुधाच्या पिशवीवर तो ठेवला आणि दार लावलं. पाहुण्या बाईंना तिथेच उभं केलं. थोड्या वेळाने तो पांढरा झालेला काढून दाखवला, मुठीत धरून हिरवा करून दाखवला.

"अस्सल आहे. आमच्या सासूबाईंचा," मामी अभिमानाने म्हणाल्या.

"अगंबाई! पण हे तुम्हाला कळलं कसं?"

मामींनी पेढ्यांचं तबक फिरवत उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. "हे आमच्या सुलूचे जावई. पाचूची खात्री यांच्यामुळे झाली." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "यांची मात्र लग्नाआधी कुणी करून घेतली नाही."