क्षमेचा आठवडा

माझ्या मावशीच्या ती कादंबरी पहिल्या पानापासून डोक्यात गेली, आणि तरी तिनं ती दोनदा वाचली. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या चर्चमध्ये काही जण अजूनही छातीठोकपणे सांगतात की मावशीनं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. उघडलं की! खूण म्हणून आत कापडाची चिंधी घातली, शिलाई मशीनशेजारी ठेवलं, आणि चहा घ्यायला थांबली की एक पान वाचून त्याचा उद्धार करायची.

मावशी पडदे शिवते. कपडे नाही, फक्त पडदे. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "झगा तिरका झाला तर बाई तिरकी उभी राहून वेळ मारून नेते. खिडकी राहते का तिरकी उभी?" तिच्या दुकानात खोलीभर एक लांब टेबल आहे, भिंतीला कापडाचे गठ्ठे, आणि गळ्यात टेप घालून, तोंडात टाचण्या धरून मावशी. टाचण्या तोंडात असतानाही ती बोलते. त्या टाचणीतून बोलण्याचा अर्थ लावता येणारी जगात मी एकटी, कारण शाळा सुटल्यापासून मीच तिच्याकडे कापड बेतायला आहे. गिऱ्हाईकांना वाटतं बाई फार शांत आहेत. बाई त्यांना काय काय म्हणत असतात ते मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही.

माझी आई म्हणजे तिची धाकटी बहीण. आई सरकारी इस्पितळात नर्स होती, आता निवृत्त आहे. आणि या दोघी सख्ख्या बहिणी आप्पा गेल्यापासून, म्हणजे मी फ्रॉकात होते तेव्हापासून, एकमेकींशी बोलत नव्हत्या. आप्पा म्हणजे त्यांचे वडील. ते मावशीकडे राहायचे. आजारी पडले तेव्हा मावशी म्हणाली, ते घरातून हलणार नाहीत. आई म्हणाली, मी नर्स आहे, मला कळतं. आईनं गाडी बोलावली आणि त्यांना आपल्या इस्पितळात नेलं. मावशी रागानं घरीच बसली. तिसऱ्या दिवशी भरदुपारी आप्पा गेले, तेव्हा खाटेजवळ दोघींपैकी कुणीच नव्हतं. का नव्हतं, ते दोघीही सांगत नसत. फक्त दुसरी का नव्हती, ते सांगत.

तेव्हापासून माझी टपालपेटी झाली. "तुझ्या आईला सांग, छत्री इथं राहिलीय." "तुझ्या मावशीला म्हणावं, टाकून दे." छत्री कोणाची तर माझी! मला कुणी विचारलं? रविवारी एकाच चर्चमध्ये, एक बाक सोडून बसायच्या, आणि गाणं सुरू झालं की एक वरच्या पट्टीत, तर दुसरी त्याच्याही वर. प्रभूला दोघी वेगवेगळ्या ऐकू जाव्यात म्हणून असेल.

आता मात्र वेळ उरला नव्हता. आई महिनाअखेरीस कायमची माझ्या दादाकडे राहायला निघाली होती, दूरच्या शहरात, आगगाडीनं एक रात्र नि वर अर्धा दिवस. या वयात दोघींपैकी कोण कुणाकडे जाणार होतं? आता जमलं नाही तर एकदम एकीच्या मयतालाच दुसरी येणार, हे मला दिसत होतं. मी दोघींना तोंडावर तसं म्हटलंही. दोघींनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

अशात ती कादंबरी आली.

पाळकीणबाईंना, म्हणजे आमच्या पाळकांच्या बायकोला, वाचनमंडळाची हौस. त्यांनी कुठूनशी एका ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरीची खोकीच्या खोकी मागवली आणि घरटी एक प्रत वाटली. जाडजूड पुस्तक. मुखपृष्ठावर एक सिंह आणि एक मुलगी. दोघांचे केस सारखेच विंचरलेले. गोष्ट अशी की, दोन हजार वर्षांपूर्वी एका सम्राटाच्या राजधानीत एक गुलाम मुलगी लपूनछपून ख्रिस्ती होते. तिला जो तो छळतो, आणि ती ज्याला त्याला क्षमा करते. मालकिणीनं चटका दिला, क्षमा. भावानं पकडून दिलं, क्षमा. शेवटी तिला सिंहांपुढे सोडतात, तर ती सिंहांनाही क्षमा करते, दोन पानं भरून, आणि सिंह बिचारे तेवढा वेळ थांबतात.

मावशीनं तिचं नाव ठेवलं सोशिकबाई.

"हिला साधा राग येत नाही?" ती कात्री आपटून म्हणायची. "चटका बसला तर हात झटकेल की नाही माणूस? ही आकाशाकडे बघते! आणि बघ, बघ, इथं म्हणे कोठडीत 'खिडकीच्या पडद्यातून पहाट डोकावली'. गुलामांच्या कोठडीला पडदे? कुणी शिवले? माप कुणी घेतलं?"

"मावशी, मग वाचतेस कशाला?"

"फुकट मिळालंय म्हणून."

खोटं. त्या पुस्तकात एक पहारेकरी आहे. सोशिकबाईला सिंहांकडे नेऊन सोडतो, घरी येतो, आणि त्याला सपाटून भूक लागते. तो जेवतो, पुन्हा वाढून घेतो, आणि आपल्याला भूक लागली याची त्याला इतकी लाज वाटते की बायकोकडे बघवत नाही. एवढंच, अर्धं पान. पुढच्या ओळीत लेखकमहाशय लगबगीनं पुन्हा सोशिकबाईच्या गुणगानाला लागतात. पण ते अर्धं पान मावशीनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि त्यासाठी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. मग पुस्तक मिटून माझ्यावर खेकसली, "हे लिहिणारा आणि बाकीचं लिहिणारा माणूस एकच? मग हे येत होतं तर उरलेलं कशाला लिहिलं मेल्यानं?"

यापेक्षा चांगलं परीक्षण मी तरी वाचलेलं नाही.

बाकीच्या मंडळींना मात्र सोशिकबाईनं झपाटलं. पाळकसाहेबांना उत्साह आवरेना. रविवारी उपदेशात त्यांनी जाहीर केलं, हा आपला क्षमेचा आठवडा. प्रत्येकानं आपल्यावर अन्याय करणाऱ्या एका तरी माणसाकडे स्वतः जावं आणि त्याला क्षमा करावी. हेतू चांगलाच होता हो. पण साहेबांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. क्षमा करायची तर समोरच्याचा गुन्हा आधी सांगावा लागतो.

सोमवारी गायनमंडळाच्या बाईंनी ऑर्गनवाल्याला क्षमा केली, इतकी वर्षं प्रत्येक गाणं मढं नेल्यासारखं वाजवल्याबद्दल. त्या बापड्याला वाटत होतं, आपल्या वाजवण्यानं लोकांचे डोळे भरून येतात. त्यानं जागच्या जागी राजीनामा दिला. मंगळवारी बेकरीवाल्यानं शेजारणीला क्षमा केली. काय केलं होतं ते तिला आठवेना, म्हणून त्यानं आठवण करून दिली, आणि ती तिच्या नवऱ्यानंही ऐकली. झालं! खजिनदारांना एकाच दिवसात चौघांनी क्षमा केली, तेव्हा ते आजारी पडून झोपले. बुधवारी महिला मंडळानं एकमतानं पाळकसाहेबांनाच क्षमा केली, उपदेश लांबवतात म्हणून. साहेब म्हणे हसले, पण संध्याकाळची प्रार्थना त्यांनी दोन वाक्यांत उरकली. विसरण्यावर सुखानं चाललेली मंडळी होती आमची. तीन दिवसांत निम्मे लोक निम्म्यांशी बोलेनासे झाले, आणि सगळ्यांचं मन मोठं.

मावशी या सगळ्यावर दिलखुलास हसली. गुरुवारी दुपारी मात्र तिनं एकाएकी मशीनवर कापड टाकलं, तोंड धुतलं, ठेवणीतले कपडे घातले आणि म्हणाली, "चल, तुझ्या आईकडे."

मी बेतायचं कापड सोडून उभी राहिले. "कशाला?"

"क्षमा करून टाकते. नाहीतर म्हणतील, हिचंच मन कोतं."

मी वाटभर देवाचा धावा करत होते. आईचं घर दुसऱ्या मजल्यावर. आम्ही जिना चढतोय तर वरून आई उतरतेय, तीही ठेवणीतल्या कपड्यांत, हातात पर्स, चेहरा सोशिकबाईसारखा. मधल्या पायरीवर गाठ पडली.

"मी तुझ्याकडेच निघाले होते, ताई," आई म्हणाली. इतक्या वर्षांनी तिनं 'ताई' म्हटलं आणि माझे डोळे भरून आले. "तुला क्षमा करायला."

माझे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

"तू? मला?" मावशी दोन पायऱ्या चढून तिच्या पातळीला आली. "मी आलेय तुला क्षमा करायला!"

"मला कशाबद्दल?"

"कशाबद्दल! वर तोंड करून विचारतेय बघा!"

"रुसून घरी कोण बसलं होतं? मी?"

"त्यांना परक्यासारखं खाटेवर टाकून कोण गेलं होतं? मी?"

जिन्यावरचे सगळे दरवाजे उघडले. खालच्या मजल्यावरचे आजोबा तर खुर्ची घेऊन बाहेर आले. मी दोघींना दंडाला धरून घरात ढकललं, दार लावून घेतलं आणि ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "दोघीही क्षमाच करणार, तर माफी मागणार कोण? मी? मी फ्रॉकात होते तेव्हा!"

घरात सामानाची खोकी पसरली होती, खिडक्या उघड्याबोडक्या. उतरवलेले पडदे बोळा करून एका खोक्यात कोंबले होते. मावशीनंच शिवलेले, आई या घरात राहायला आली तेव्हा, भांडणाच्या आधी. मावशीला जगात सगळं सहन होतं, बोळा केलेला पडदा नाही. तिनं तो ओढून काढला, झटकला, घडी घालायला लागली आणि खालच्या दुमडीपाशी थांबली. तिथली शिवण कधीतरी उसवली होती आणि कुणीतरी ती पुन्हा घातली होती, एकेक टाका सुटा, प्रत्येकाला वेगळी गाठ.

"हे कुणी शिवलं?"

"मी," आई म्हणाली.

"छोटी, अगं ही खिडकी आहे का जखम?"

आईला हसू आलं. ते तिनं आवरायला पाहिलं, तर त्याचं रडू झालं, आणि ती त्या खोक्याशेजारी खाली जमिनीवर बसली.

"मी हसत होते, ताई," ती म्हणाली. "आप्पा गेले तेव्हा. खाली नर्सेसच्या खोलीत, जुन्या मैत्रिणींबरोबर. मोठमोठ्यानं हसत होते. वर आले तर चादर ओढलेली."

मावशीच्या हातात पडदा तसाच. मला वाटलं, आता हिला हवं ते मिळालं. इतकी वर्षं हेच तर कबूल करून घ्यायचं होतं. आता ही बोलेल आणि आई कायमची जाईल.

"कशावर हसत होतीस?" मावशीनं विचारलं.

"त्यांच्यावरच. सकाळी तो शिकाऊ डॉक्टर तपासायला आला, तर त्याला म्हणाले, बाळा, तूच जरा आडवा हो, तुझा चेहरा माझ्यापेक्षा उतरलाय. ते मी सगळ्यांना सांगत होते."

मावशी हळूहळू तिच्याजवळ खाली बसली. तिचे गुडघे दुखतात, ती कधी जमिनीवर बसत नाही.

"तुला ठाऊक नाही," ती म्हणाली, "पण मी त्या तिन्ही दिवशी सकाळपासून चपला घालून फोनपाशी बसत होते. डबा भरलेला, दाराची किल्ली हातात. तू 'ये' म्हणशील म्हणून. तू म्हणेपर्यंत जायचं नाही, असं ठरवलं होतं. शेवटी फोन आला तो ते गेल्याचा."

माफी कुणी मागितली नाही आणि क्षमा तर त्याहून नाही. थोड्या वेळानं मावशीनं माझ्याकडून कात्री मागून घेतली आणि आईनं घातलेले टाके एकेक करून कापायला लागली. आई तिला पडदा ताणून धरत होती. अंधार पडायच्या आत आम्ही दोघी निघालो. दारात आई नुसतं "जपून जा" म्हणाली. मी मनातून खट्टूच झाले होते. एवढं सगळं होऊन एक साधा निरोपसुद्धा धड देता आला नाही यांना, की अमुक दिवशी जाणार, येशील का.

शनिवारी आईची गाडी होती. मी नि आई सामान घेऊन स्टेशनवर पोचलो, तर मावशी आधीच फलाटावर उभी होती, हातात डबा घेऊन. आईनं तिला बोलावलं नव्हतं.