खानापूरची गुटी

आमच्या परसात पपनसाची दोन झाडं आहेत. थोरलं निपाणीच्या नर्सरीतनं आणलेलं. धाकटं खानापूरकडचं, माझ्या बायकोच्या माहेरच्या झाडापासनं केलेलं. असं बायको सांगायची, तेच शेजारपाजार सांगायचा, मीही सांगायचो. धाकट्याचं खोटं आहे. बायको जाऊन दोन वर्षं होत आली, आता लिहायला हरकत नाही. लिहून काही सुधारणार नाही, तेही मला माहीत आहे.

थोरलं झाड माघात नुसतं पांढरं व्हायचं. वास पार रस्त्यापर्यंत जायचा. फळ मात्र नाही. लिंबाएवढी चार-दोन धरायची आणि गळून पडायची. बायको रोज सकाळी फुलांचा सडा झाडायची, पाटी भरून उकिरड्यावर टाकायची. कुणीतरी तिला सांगितलं, पपनस एकटं फळत नाही, शेजारी दुसरं लागतं. झालं. तिनं माझ्यामागं धोशा लावला.

"दादाकडनं एक गुटी आणा की."

गुटी म्हणजे फांदीची साल बोटभर सोलायची, तिथं ओली माती लावायची, गोणपाटानं गच्च बांधायचं. दोन महिन्यांत मुळ्या सुटतात. मग तोडून लावली की तेच झाड. तिच्या माहेरी विहिरीवर पपनस होतं, आतनं लालभडक. लहानपणी त्याच्या सालीची टोपी करून ही गावभर हिंडायची म्हणे. ते लाल पपनस तिला परसात पाहिजे होतं.

मी काही जात नव्हतो. कारण तिचा दादा. तो शाळामास्तर. आमच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी आहेराची यादी वाचायला माझ्या हातात दिली, तर हा भर मांडवात म्हणाला, "दाजींच्या हातात कशाला देताय? त्यांची गाडी चौथीलाच बंद पडलीया." सगळे हसले. व्याही हसला. जावईपण हसला. मी चौथी शिकून तंबाखूच्या वखारीत जन्म काढला, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण त्या दिवसापासनं मी त्याचा उंबरा चढलो नाही. भाऊबीजेला बायको एकटीच जायची, एकटीच यायची.

दोन वर्षं तिनं गुटीसाठी वाट बघितली. मग एका पावसाळ्यात मी आमच्याच थोरल्या झाडावर गुटी बांधली. भिंतीपलीकडं झुकलेली एक फांदी होती, ती तिला दिसायची नाही. झाड ते झाड, तिला काय कळतंय, असं मला वाटलं. श्रावणात मुळ्या दिसल्या तशी तोडली, रात्रभर वखारीत ठेवली. सकाळी धुतलेलं धोतर नेसून "खानापूरला जातो" म्हणून घरातनं निघालो. निपाणीच्या स्टँडवर दिवसभर बसलो. बेळगावच्या गाड्या येत होत्या, जात होत्या. भजी खाल्ली. एका बाईचं पोरगं सांभाळलं. संध्याकाळी वखारीतनं गुटी उचलली आणि घरी आलो.

तिनं गुटी दोन्ही हातांत धरली. पानं चुरून वास घेतला.

"दादा काय म्हणाला?"

"काय म्हणणार? दिली."

"चा तरी घेतलासा का?"

"बसलोच न्हाई. उभ्या उभ्या आलो."

तिनं गुटीवर पाणी शिंपडलं. मग म्हणाली, "खड्डा खणा."

त्या दिवसापासनं ते झाड दादाचं झालं. पहिलं पाणी त्याला. पाहुणा आला की आधी परसात. "हे आमच्या दादाचं झाड." चार वर्षांनी त्यालाही फुलं आली. मग दोन्ही झाडं फुलायची आणि दोन्ही झाडं गळायची. शेजारीण कुंपणावरनं म्हणायची, "आक्का, दोघी जावा नटून उभ्या राहत्यात बघ, घरातलं काम एक करत न्हाईत." बायको हसायची. पाटी एकाच्या दोन झाल्या, एवढाच फरक.

मी गप्प बसलो. एक वर्ष बसलो की दुसरं सोपं जातं. दहा वर्षं अशीच गेली.

मग तिची किडनी गेली. दवाखाना, घर, दवाखाना. शेवटच्या माघात तिची खाट मागच्या सोप्यात टाकली होती. समोर दोन्ही झाडं पांढरी. फुलं झाडणारं कोणी नव्हतं, मी झाडत नव्हतो. एका दुपारी झाडांकडं बघत म्हणाली, "माझ्या माहेरचं हितं लागत न्हाई. त्याला तुम्ही तरी काय करणार?"

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण म्हटलं, आता आजारी बाईला कशाला? नऊ दिवसांनी ती गेली.

त्याच पावसाळ्यात एक मुलगी आली. बागायतीचं शिकत होती, बोरगावकडची, जैनाची. कानडी-मराठी दोन्ही फाडफाड. गावोगाव पपनसाची पानं गोळा करत हिंडत होती, कुठल्या झाडाला कुठल्या झाडाचा पराग चालतो ते शोधायला. दोन्ही झाडांची पानं तिनं वेगवेगळ्या पिशव्यांत घातली, पिशव्यांवर नंबर टाकले, बर्फाच्या डब्यात ठेवली. मी म्हटलं, पानाला विचारून काय कळणार? म्हणाली, "पान सगळं सांगतंय अज्जा, माणसागत लपवत न्हाई." ती आपली सहज म्हणाली.

माघात कागद घेऊन परत आली. दोन्ही झाडं तेव्हा फुलावर होती.

"अज्जा, तुमची दोन्ही झाडं एकच निघाली."

"एका जातीची?"

"जात न्हवं. झाडच एक. एकच झाड दोन जागी उभं हाय."

मग तिनं समजावलं. प्रत्येक झाडाच्या परागात खूण असते, फुलातही असते. पराग फुलात उतरायला लागला की फूल खूण बघतं. आपलीच निघाली तर तिथंच अडवतं. परकी असली तरच फळ धरतं.

मी म्हटलं, "म्हणजे एका देवकाचं लग्न. आमच्यात चालत न्हाई."

"आमच्यात देवक नसतंय, पण तसंच. त्यात निदान नवरा-नवरी दोन असत्यात. हितं बोहल्यावर एकच माणूस दोन्हीकडनं उभा." मग तिनं विचारलं, "हे धाकटं आणलंय कुठनं?"

"खानापूरचं," मी म्हटलं. तोंडाला सवय होती.

ती कागदाकडं बघत राहिली. रडकुंडीला आली. "मग माझ्याच पिशव्या बदलल्या असतील. परत तपासते. सरांना सांगायला पाहिजे, माझं चुकलं."

एवढं मात्र मला झेपलं नाही. म्हटलं, "तुझं काय चुकलं न्हाई. बरोबर हाय तुझा कागद." आणि जे बायकोला दहा वर्षं सांगितलं नाही, ते त्या परक्या पोरीला पाच मिनिटांत सांगितलं. तिच्याकडं एका डबीत दुसरीकडच्या झाडाचा पराग होता. धाकट्या झाडाच्या खालच्या फांदीवर सात फुलांना तिनं कुंचल्यानं तो लावला, वर कागदी पिशव्या बांधल्या. चा उकळेपर्यंत तिचं काम आटोपलं.

सातातली दोन धरली. लिंबाएवढी झाली, गळली नाहीत. नारळाएवढी झाली. ती वाढताना बघून मला आनंद झाला असं कुणाला वाटेल. मला राग यायचा. एवढंच होतं? एक डबी आणि एक कुंचला? खानापूरची एक बस?

दिवाळीनंतर एक फळ काढलं आणि पिशवीत घालून खानापूरला गेलो. खरंच गेलो या वेळी. निपाणी, बेळगाव, खानापूर, पुढं चालत. मेहुणा कट्ट्यावर बसलेला. मास्तरकी कधीच संपलेली, एका डोळ्यानं दिसत नाही. विहिरीवर बघितलं तर झाड नाही. पोरानं घर वाढवताना तोडलं म्हणे, तीन पावसाळे झाले. बुंधासुद्धा नाही.

मी पपनस त्याच्या पुढ्यात ठेवलं. "घरचं हाय."

त्यानं सुरी मागवली, साल काढली, एक फोड सोडवली. पांढरी निघाली. डोळ्याजवळ धरून बघितली.

"आमचं लाल हुतं, दाजी."

"व्हय."

"तुम्ही आलाच न्हवता."

"न्हाई."

"मला ठाव हाय की. मी काय दुसऱ्या गावाला गेलतो?" त्यानं फोड खाल्ली. "जरा आंबट हाय. तुम्ही गुटी लावली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. म्हणली, 'दादा, आमचे आलते न्हवं काल गुटीला?' मी वळकलं. म्हटलं, आपल्या मास्तरकीपायी माणूस तुटला, तिला कशाला दुखवा? म्हटलं, आलते तर. गुटी घेऊन गेले. खुर्चीवर बसून दोन कप चा पिले."

"दोन कप चा?"

"तिला बरं वाटावं म्हणून. का?"

"मी तिला सांगितलं, बसलोच न्हाई म्हणून."

मेहुण्याचा हात तिथंच थांबला.

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय न्हाई. बराच वेळ गप्प. मला वाटलं, फोन कटला. मग म्हणली, 'बरं झालं.' आणि ठेवला."

आतनं सुनेनं चहा आणला. मी प्यालो. तिनं दुसरा दिला, तोही प्यालो. मेहुणा माझ्या कपाकडं बघत होता. मग शेवटची बस गाठायची म्हणून उठलो.

म्हणजे तिला दुसऱ्या दिवसापासनं माहीत होतं. नवऱ्याची एक गोष्ट आणि भावाची दुसरी, दोन्ही कानांत घेऊन ती दहा वर्षं त्या झाडाला आधी पाणी घालत होती. पाहुण्यांना दाखवत होती. माझ्या तोंडाकडं बघून "दादाचं झाड" म्हणत होती. मी बोलीन म्हणून म्हणत होती, की मला टोचायला, की भाऊ-नवरा दोघांनाही झाकायला? आणि शेवटचं ते, तुम्ही तरी काय करणार, ते काय होतं? आता कुणाला विचारू? तिच्या पानाची पिशवी कुणी नेलेली नाही.

दुसरं फळ अजून झाडावर आहे. पिवळं पडून मऊ झालंय, मुंग्या लागल्यात. ती मुलगी फोन करून सांगते, अज्जा, फळ काढा, आणि औंदा परत पराग घेऊन येते. मी तिला नको म्हटलंय. माघ जवळ आलाय, कळ्या दिसायला लागल्यात. खराटा कोपऱ्यात आहे. झाडायचं माझ्या अंगात नाही.